थरारकथेतील लढाऊ विमान : तपशिलाची तारीख

मराठी रहस्यकथेची परंपरा एवढी भरघोस आहे की बाबूराव अर्णाळकर आणि गुरुनाथ नाईक या दोघांच्या नावावर प्रत्येकी हजाराहून अधिक पुस्तके जमा आहेत. मात्र या प्रचंड पसाऱ्यात लढाऊ विमान येते ते बहुधा नायकाला घेऊन झेपावण्यापुरते, कथानक त्याच्यावर क्वचितच तोलले जाते. नाईकांनी कॅप्टन दीपसारखा लष्करी नायक घराघरांत नेला खरा, पण पुस्तकांचा रतीब घालणाऱ्या लेखकाकडून धावपट्टीच्या कुंपणापर्यंत जाण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचेच ठरेल.

आजच्या लेखकाला ही सबब उरलेली नाही. विमानाचा वेग, पल्ला, उंची हे सारे आकडे हाताशी असतात आणि ते कादंबरीत उतरतातही, परंतु ते नायकाची वाट अडवत नाहीत, म्हणून निव्वळ शोभेचे राहतात. मिग-21 हे लढाऊ विमान एकआसनी असल्यामुळे त्यात दोन पात्रांचा संवाद घडवायचा तर तो रेडिओवरच घडवावा लागतो. त्याच्या ‘बिस’ या प्रकारातील दुनळी तोफेचे दोनशेच्या आसपास गोळे कळ दाबून धरल्यास तीन-चार सेकंदांत संपतात. आणि 1971च्या युद्धात उडालेल्या ‘एफएल’ या आधीच्या प्रकाराला तर अंगची तोफ नव्हती, ती पोटाखाली वेगळी जोडावी लागे. म्हणजे तोफेचे एक वाक्य लिहिण्याआधी लेखकाला साल आणि प्रकार दोन्ही ठरवावे लागतात, आणि मराठी थरारकथेचे घोडे नेमके येथेच पेंड खाते.

शासकीय गुपिते अधिनियम, 1923 या कायद्यामुळे हवाई तळांसारख्या प्रतिबंधित जागांची छायाचित्रे वा आराखडे मिळवणे गुन्हा ठरू शकते, ही अडचण खरी असली तरी ती निर्णायक नाही. प्रत्यक्ष अनुभवही अनिवार्य नाही : थरारकथाकार फ्रेडरिक फोर्सिथ स्वतः ब्रिटिश हवाई दलात व्हॅम्पायर विमान चालवलेले लेखक होते. उलट टॉम क्लॅन्सी हे विम्याचा व्यवसाय करणारे, सैन्यात कधीही न गेलेले गृहस्थ, आणि तरीही 1984च्या त्यांच्या पहिल्या पाणबुडी-कादंबरीने नौदलाच्या जाणकारांना चकित केले ते खुल्या साधनांच्या चिकाटीच्या वाचनावर. सोलापूरच्या लेखकाला गोव्यात बोगमाळो येथील नौदल हवाई संग्रहालय दूर नाही. तेथे सी हॉक विमानाशेजारी उभे राहिले की वैमानिकाची जागा किती अरुंद असते हे जे कळते, ते आकड्यांच्या तक्त्यातून कळत नाही.

जुना तपशील किती महागात पडतो याचे उदाहरण मराठी माणसाच्याच चरित्रात आहे. 1971च्या युद्धात विमान पडून कैद झालेले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर ऑगस्ट 1972मध्ये दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या छावणीतून निसटले आणि अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी पोहोचले. तेथे त्यांनी नकाशात पाहिलेल्या लंडीखाना स्थानकाची वाट विचारली, ते स्थानक 1932 सालीच बंद झालेले असल्यामुळे स्थानिकांना संशय आला आणि तिघेही पुन्हा पकडले गेले. नकाशावरच्या एका शिळ्या नावाने साऱ्या सुटकेला कलाटणी देणारा हा प्रसंग मराठी कादंबरीकारांना अजून पुरेसा खुणावलेला दिसत नाही, हे नवलच म्हणायचे.

हाच नियम सोलापूरच्या लेखकाला घराजवळही लागू होतो. होटगी रस्त्यावरील सोलापूर विमानतळाच्या उड्डाणमार्गात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे 90 मीटर उंचीची चिमणी अडथळा मानली जाई, आणि तिच्यावरून शहरात वर्षानुवर्षे वाद चालला. एखाद्या थरारकथेतील विमान रात्री या धावपट्टीकडे झेपावत असेल, तर कथेचा काळ चिमणी उभी राहिल्यानंतरचा पण 15 जून 2023च्या आधीचा असल्यास वैमानिकाला ती चिमणी चुकवावीच लागेल. त्यानंतरचा असल्यास ती तेथे असता कामा नये, कारण त्या दिवशी ती पाडण्यात आली.