पदर, बुरखा आणि हिजाब : मराठी गद्यातील एका वस्त्राचे वाचन

वस्त्र नेसण्याच्या रीती टिपण्यात मराठी भाषा मोठी सूक्ष्म आहे. नऊवारीचा काष्टा, सहावारीची गोल नेसण, डोईवरून घेतलेला पदर, कमरेला खोचलेला पदर, या प्रत्येकावरून लेखक स्त्रीचे वय, काम आणि मनःस्थिती सुचवितो. मुसलमान स्त्रीच्या शिरोवस्त्रापाशी मात्र ही सूक्ष्मता बहुधा लोप पावते आणि ‘बुरखा’ हा एकच शब्द उरतो. त्यातही ‘पदर पसरणे’, ‘पदरी घेणे’ यांत याचना व आश्रय आहे, तर ‘बुरखा फाडणे’ यात ढोंग उघडकीस आणणे आहे. म्हणजे वस्त्र पाहण्यापूर्वीच निवाडा होऊन जातो. हा दोष शब्दसंग्रहाचा नसून दृष्टीचा आहे.

‘हिजाब’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ आडपडदा. कुराणात तो सात वेळा येतो. परंतु शिरोवस्त्र या अर्थी एकदाही नाही. वस्त्रासाठी ‘खिमार’ आणि ‘जिल्बाब’ हे निराळे शब्द तेथे आहेत. डोक्यावरील रुमालास हिजाब म्हणण्याचा प्रघात जगभर पडला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेव्हा ज्यास एक वस्तू समजले जाते, ती वस्तुतः बांधणीच्या अनेक रीतींना मिळालेले एक नाव होय.

या रीती परस्परांहून स्पष्टपणे भिन्न आहेत. चौकोनी रुमालाची तिकोनी घडी करून हनुवटीखाली टाचणी लावणे ही एक. लांब पट्ट्याचे एक टोक आखूड ठेवून दुसरे डोक्याभोवती फिरवून खांद्यावर टाकणे ही दुसरी. येथे कापड सरकू नये म्हणून आत घट्ट टोपी असते. शिवलेल्या दोन भागांच्या हिजाबास टाचणी लागत नाही. ओढणी केवळ डोईवरून घेतली तर पुढचे केस दिसतात, नकाबात फक्त डोळे दिसतात, आणि बोहरा स्त्रियांचा रिदा दोन भागांचा, रंगीत व लेस लावलेला असतो. सैल ओढणी सावरण्यास एक हात सतत लागतो. टाचलेल्या रुमालाने दोन्ही हात मोकळे राहतात. एवढा एक तपशील कथेतील पात्राबद्दल ‘बुरखा’ या शब्दाहून पुष्कळ अधिक सांगू शकतो.

मराठी, तेलुगू, कन्नड आणि दक्खनी या चारही भाषा बोलणाऱ्या सोलापुरात हा प्रश्न विशेष स्पष्ट होतो. ज्यांचे नाव येथील विद्यापीठास २०१९ मध्ये देण्यात आले, त्या अहिल्यादेवींच्या चित्रांत डोईवर पदर असतो. त्यात कोणास बंधन दिसत नाही. मराठा सरदार घराण्यांतील गोषाही विस्मरणात गेला आहे. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा दुचाकीवरील सर्व धर्मांच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून चेहरा गुंडाळतात. आकाराने हा नकाबच. नाव मात्र ‘स्कार्फ’. तथापि आकार सारखा म्हणून अर्थही सारखा, असे म्हणता येणार नाही. स्कार्फ मुक्कामी पोहोचताच उतरतो. हिजाबास श्रद्धेची आणि कधी घरच्या अपेक्षेचीही जोड असते. हा भेद पुसणे हेही अपुरे वाचनच होय.

सोलापूर हे गणवेश शिवणारे शहर आहे, आणि गणवेशाचा वाद शेजारच्या कर्नाटकात पेटला. कर्नाटक शासनाचा ५ फेब्रुवारी २०२२ चा आदेश उच्च न्यायालयाने १५ मार्च रोजी ग्राह्य धरला. १३ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. इराणात १९३६ मध्ये शासनाने शिरोवस्त्र बळाने उतरविले, तर १९७९ च्या क्रांतीनंतर शासनानेच ते सक्तीचे केले. दोन्ही प्रसंगी निर्णय नेसणारीच्या हातून गेला. तिला केवळ पीडित किंवा केवळ अस्मितेचे प्रतीक मानणारे गद्य हेच निराळ्या मार्गाने करते.

यावर एक आक्षेप संभवतो. घड्या आणि टाचण्या यांचे वर्णन करीत बसल्यास सक्ती सुंदर भासू लागेल, आणि १९६६ मध्ये सात स्त्रियांचा मोर्चा काढून हमीद दलवाईंनी समाजापुढे ठेवलेली कठोर चिकित्सा बोथट होईल. आक्षेप गंभीर आहे. परंतु सक्तीही तपशिलांतूनच प्रकट होते. रुमाल कोणी आणला, तो कोणत्या वयात डोक्यावर आला, कोणत्या दारापाशी घातला आणि कोणत्या दारापाशी उतरविला, हे सांगितल्यावाचून सक्ती आणि स्वेच्छा यांतील अंतर दाखविता येत नाही. ‘बुरखा’ एवढेच लिहिणारा लेखक दोहोंनाही झाकून टाकतो.

पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापुरातच भरले. त्यानंतर या जीवनाविषयी बाहेरून लिहिणे पुरेसे नाही, हे मराठी समीक्षेस मान्य करावे लागले. पदराच्या बाबतीत जी बारकाईची दृष्टी मराठीने शतकानुशतके जोपासली, तीच या शिरोवस्त्राकडे वळविणे हे आता लेखकाचे आणि अभ्यासकाचे काम आहे.