‘सामना’: भीमेच्या काठावरून

आमच्या मांडवगण फराट्याच्या शिवेला भीमा आहे. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. त्या दौंडात डॉ. जब्बार पटेल मुलांचा दवाखाना चालवीत आणि उरल्या वेळात नाटक-सिनेमा करीत. 1975 चा ‘सामना’ हा त्यांचा पहिला चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकरांची, निर्मिती रामदास फुटाण्यांची. साखरपट्ट्यातला पुढारी मराठी पडद्यावर इतका खरा कसा उतरला, याचे निम्मे उत्तर मला त्या दवाखान्याच्या बाकावर दिसते. पोर तापाने फणफणले की बागायतदार आणि त्याचा सालगडी एकाच बाकावर येऊन बसतात. अर्थात, हा माझा तर्क.

हिंदुराव धोंडे-पाटील हा निव्वळ खलपुरुष नाही. त्याने कारखाना उभा केला, गावात पैसा खेळवला. मास्तरांना फिरवून फिरवून तो हे दाखवतो, आणि त्यात खोटे काही नाही. वाटेवर सापडलेल्या दारुड्या मास्तरांची तो मनापासून बडदास्त ठेवतो. मारुती कांबळेचे जे झाले, त्याला जबाबदारही हाच माणूस. निळू फुल्यांनी हे दोन्ही हिंदुराव एकाच हसण्यात बसवले. स्वतः राष्ट्र सेवा दलात घडलेल्या या माणसाला पुढाऱ्याची लकब एवढी ठाऊक असावी, हेही गमतीचेच!

‘सिंहासन’ (1979) अधिक चलाख आहे. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, मुंबईतल्या सत्तेचा पट. पण तिथल्या मंत्र्यांनी काही उभारलेले दिसत नाही, म्हणून त्यांचे ढोंग उघडे पडले तरी आपल्याला लागत नाही. हिंदुरावाचे लागते, कारण त्याच्या कारखान्याची साखर आपल्याही चहात आहे.

तक्रार आहे ती वेगळी. मारुती कांबळे प्रश्न म्हणून जेवढा मोठा होतो, तेवढा माणूस म्हणून होत नाही. जाब विचारायला गांधीवादी मास्तर बाहेरून यावे लागतात; गावकुसाबाहेरची माणसे गप्पच. डॉ. लागूंच्या अभिनयापुढे ही उणीव झाकली जाते, एवढेच.

आणखी एक गोष्ट ‘सामना’ला तेव्हा दिसणे शक्य नव्हते. मास्तरांचा तो प्रश्न पुढे मराठीत म्हणीसारखा रुळला आणि पुढाऱ्यांनीच उचलला. आज हिंदुराव स्वतःच जाब विचारतो, समोरच्या हिंदुरावाला. न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना 2023-24 च्या हंगामात बंद राहिला. 2024 च्या विधानसभेला दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवले, भाषणे रंगली. आमचे चाचा दोन्ही सभांना गेले, दोन्हीकडे टाळ्या वाजवून आले. त्यांचा ऊस घोडगंगेचा सभासद असूनही त्या साली दुसऱ्याच कारखान्याला गेला होता, तोही तोडवाल्यांच्या विनवण्या करून.