कानाने वाचलेली कादंबरी : थरारकथा व अर्बन फँटसी यांच्या श्राव्यपुस्तकांविषयी काही निरीक्षणे

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी तृतीय वर्ष कला वर्गाच्या इंग्रजी विषयाची प्रकल्प-मौखिकी चालू होती. एका दृष्टिबाधित विद्यार्थ्याने पॉला हॉकिन्स यांच्या 'द गर्ल ऑन द ट्रेन' (२०१५) या कादंबरीवर प्रकल्प सादर केला होता. 'तू ही कादंबरी वाचलीस की नुसती ऐकलीस?' असा प्रश्न प्रस्तुत लेखिकेने त्याला विचारला. तो शांतपणे म्हणाला, 'मॅडम, खुनी कोण ते मलाही शेवटीच कळलं.' मौखिकी संपली, गुण दिले गेले. परंतु आपल्याच प्रश्नातील 'नुसती' हा शब्द मनात सलत राहिला. पुढे एस.टी.च्या रोजच्या प्रवासात लेखिकेने याच प्रकारची श्राव्यपुस्तके सातत्याने ऐकली. त्या श्रवणातून हाती आलेली निरीक्षणे येथे मांडली आहेत.

विवेचनाच्या सोयीसाठी दोन संज्ञा निश्चित करणे आवश्यक आहे. संहितेच्या आत राहून कथा सांगणारा तो 'निवेदक' आणि ध्वनिमुद्रणासाठी ती संहिता मोठ्याने वाचणारा तो 'अभिवाचक'. मुद्रित पुस्तकात केवळ निवेदक असतो. श्राव्यपुस्तकात हे दोघे एकाच आवाजात मिसळून जातात. श्राव्यपुस्तकाचे सामर्थ्य व त्याची मर्यादा ही दोन्ही या मिसळण्यातूनच निर्माण होतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बोलक्या पुस्तकांची पार्श्वभूमी

श्राव्यपुस्तक ही धावपळीच्या जीवनातून निर्माण झालेली अलीकडची सोय आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. ऑडिबल ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली आणि २००८ मध्ये ॲमेझॉनने ती विकत घेतली. व्यापारी विस्ताराचा हा इतिहास सर्वपरिचित आहे. मात्र या माध्यमाचा उगम त्याहून बराच जुना व अधिक गंभीर आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या गरजेतून ब्रिटनमध्ये बोलक्या पुस्तकांच्या प्रयत्नांना चालना मिळाली आणि १९३५ मध्ये अंध वाचकांसाठी तेथे पहिली पुस्तके ध्वनिमुद्रिकांवर उपलब्ध झाली. त्या पहिल्या पुस्तकांत जोसेफ कॉनरॅड यांच्या 'टायफून'बरोबर अगाथा ख्रिस्ती यांची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६) ही रहस्यकादंबरी होती.

ही निवड अर्थपूर्ण वाटते. 'रॉजर ॲक्रॉइड'चा निवेदक हा कथेतीलच एक पात्र आहे. तो जे सांगतो त्यापेक्षा जे सांगण्याचे टाळतो त्याला या कादंबरीत अधिक महत्त्व आहे. कागदावर असे मौन राखणे तुलनेने सोपे, कारण कागदाला स्वर नसतो. तीच वाक्ये मोठ्याने वाचताना मात्र अभिवाचकाला प्रत्येक वाक्याचा सूर निवडावा लागतो, आणि सूर निवडणे म्हणजे अर्थ निवडणे होय. बोलक्या पुस्तकाच्या पहिल्याच पावलावर हा पेच उभा होता. थरारकथेच्या श्रोत्यापुढे तो आजही आहे.

थरारकथा : स्वर, काळ आणि गती

गिलियन फ्लिन यांच्या 'गॉन गर्ल' (२०१२) या कादंबरीचे श्राव्यरूप या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. निक व एमी या पतिपत्नींची निवेदने आलटून पालटून येतात. निकचे अभिवाचन कर्बी हेबोर्न यांनी, तर एमीचे ज्युलिया व्हेलन यांनी केले आहे. पूर्वार्धात एमीची दैनंदिनी येते आणि ती रचलेली असल्याचे मध्यावर उघड होते. अभिवाचिकेची कसोटी येथेच लागते. दैनंदिनीतील स्वरात बनावटपणाची पुसट छटा जरी आली तरी रहस्य फुटते. स्वर सर्वस्वी प्रामाणिक ठेवला तर उत्तरार्धातील एमी ही दुसरीच कोणी स्त्री वाटण्याचा धोका. व्हेलन यांनी दैनंदिनीतील एमीला किंचित जास्त गोड केले आहे. पहिल्या श्रवणात तो गोडवा नवपरिणीतेचा वाटतो, दुसऱ्या श्रवणात तोच अंगावर काटा आणतो. मुद्रित प्रत वाचताना हा गोडवा वाचकाने आपल्या मनाने पुरवायचा असतो. येथे तो आयता मिळतो. या आयतेपणात श्रोत्याचा लाभ आहे. त्याचबरोबर कल्पनेचे काही स्वातंत्र्यही त्यात गमावले जाते.

'द गर्ल ऑन द ट्रेन'मध्ये रेचेल, मेगन व ॲना या तीन निवेदिका असून श्राव्यरूपात त्यांना तीन स्वतंत्र आवाज लाभले आहेत. त्यामुळे कोण बोलत आहे याविषयी क्षणभरही संभ्रम राहत नाही. परंतु मेगनचे निवेदन इतर दोघींच्या बरेच आधीच्या काळातील आहे आणि हा कालभेद प्रकरणांच्या आरंभी दिलेल्या तारखांवरून समजून घ्यायचा आहे. डोळ्यांनी वाचणारा शंका आल्यास दोन पाने मागे जाऊन तारीख ताडून पाहतो. कानाने वाचणाऱ्याच्या बाबतीत तारीख उच्चारली जाते, गाडी खड्ड्यातून उसळते आणि तारीख निसटते. म्हणजेच श्राव्यरूपाने 'कोण' हा प्रश्न सुकर केला आणि 'केव्हा' हा प्रश्न अवघड केला. उपरोक्त विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पात तिन्ही निवेदनांचा कालानुक्रम अचूक मांडला होता. त्यामागे स्मरणशक्तीचा किती व्यायाम असेल, याची जाणीव लेखिकेला ही कादंबरी स्वतः ऐकल्यानंतरच झाली.

गतीचा प्रश्नही असाच दुहेरी आहे. थरारकथेचा उतावीळ वाचक वर्णने गाळतो, प्रसंगी शेवटचे पान आधी पाहतो. श्रोत्याला हे सहजासहजी जमत नाही. लेखकाने योजलेला विलंब त्याला पुरता सोसावा लागतो. उत्कंठा ही जर विलंबाची कला असेल, तर श्रोता हा थरारकथेचा अधिक आज्ञाधारक व म्हणून अधिक लाभार्थी वाचक ठरतो. याउलट, संवादांमागून येणारे 'म्हणाला' हे क्रियापद डोळा ओलांडून जातो, कान ओलांडू शकत नाही. ली चाइल्ड यांच्या जॅक रीचर मालिकेतील तुटक संवाद कागदावर चपळ वाटतात. कानावर मात्र त्याच क्रियापदाचे ठोके पडत राहतात. शैलीचे असे दोष उघडे पाडण्यात श्रवण हे वाचनापेक्षा कठोर परीक्षक आहे.

अर्बन फँटसी : शहराचे आवाज

ओळखीच्या आधुनिक महानगरात भुते, जादू व देवता वावरतात असे गृहीत धरून रचलेल्या कथेस अर्बन फँटसी म्हटले जाते. बेन ॲरोनोविच यांची 'रिव्हर्स ऑफ लंडन' (२०११) हे तिचे उत्तम उदाहरण. नायक पीटर ग्रँट हा लंडनचा पोलीस शिपाई. आई सिएरा लिओनची, वडील लंडनचे जॅझ वादक. लंडनच्या नद्या येथे मानवी रूपात येतात. भरती-ओहोटीच्या टापूत मामा टेम्सची सत्ता आहे व ती मूळची नायजेरियाची. टेडिंग्टनच्या वरच्या अंगाला फादर टेम्सचे राज्य आहे.

कोब्ना होल्डब्रुक-स्मिथ यांचे अभिवाचन ऐकताना या कल्पनेचा खरा विस्तार लक्षात येतो. मामा टेम्सच्या बोलण्यात पश्चिम आफ्रिकी वळण आहे, तिची टायबर्न ही मुलगी उच्चभ्रू इंग्रजी बोलते, तर बेव्हरलीच्या तोंडी तरुण लंडनची बोली आहे. एकाच घरातील स्थलांतराचा व वर्गभेदाचा इतिहास केवळ उच्चारांतून उभा राहतो. इंग्रजी प्रामुख्याने पुस्तकातून शिकलेल्या आपल्यासारख्यांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. मालवणी वा वऱ्हाडी संवाद वाचताना मराठी वाचकाच्या कानात तो आवाज आपोआप उमटतो. लंडनच्या बोलींबाबत आपला कान असा तयार नसतो. मुद्रित प्रत वाचताना ही सर्व पात्रे लेखिकेच्या मनात एकाच, पाठ्यपुस्तकी इंग्रजीत बोलत होती. अशा वाचकापुरते श्रवण हे मूळ वाचनाहून अधिक परिपूर्ण ठरते, असे म्हणावे लागेल.

आवाज कोणाचा?

अभिवाचक व निवेदक यांचे एकरूप होणे किती खोलवर जाते याचा पुरावा जिम बुचर यांच्या 'द ड्रेस्डन फाइल्स' या मालिकेत सापडतो. शिकागोत व्यवसाय करणारा जादूगार हॅरी ड्रेस्डन हा तिचा नायक व निवेदक. 'स्टॉर्म फ्रंट' (२०००) हा पहिला भाग. पहिल्या बारा भागांचे अभिवाचन जेम्स मार्स्टर्स या अभिनेत्याने केले. तेराव्या 'घोस्ट स्टोरी' (२०११) या भागासाठी ते उपलब्ध होऊ शकले नाहीत आणि जॉन ग्लोव्हर या अनुभवी अभिनेत्याने तो वाचला. श्रोत्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. अखेर २०१५ मध्ये हाच भाग मार्स्टर्स यांच्या आवाजात नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आला.

या प्रसंगातील योगायोग लक्षणीय आहे. 'घोस्ट स्टोरी'मध्ये हॅरी मृत झाला असून प्रेतात्म्याच्या रूपाने शहरात परततो. त्याचे बोलणे काही मोजक्यांनाच ऐकू येते. ज्या भागात नायकाचा देह गेला, नेमक्या त्याच भागात श्रोत्यांपुरता त्याचा आवाजही गेला. किंबहुना परका वाटणारा तो आवाज कथेच्या आशयाला पूरकच होता, असा युक्तिवाद करता येईल. ग्लोव्हर यांचे वाचनही कमअस्सल नाही. तरीही श्रोत्यांची तक्रार अनाठायी ठरत नाही. त्यांच्या लेखी मार्स्टर्स हे हॅरीचे शब्द वाचणारे कोणी गृहस्थ नव्हते. ते हॅरीच होते. मुद्रित पुस्तकाचा टंक बदलला म्हणून वाचक असा हळहळत नाही. आवाज हे कथेचे आवरण नसून तिचे अंग आहे, हे येथे स्पष्ट होते.

मराठी संदर्भ

मराठी श्रोत्याला आवाजाचे हे माहात्म्य नवे नाही. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर व द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाने गावोगावचे श्रोते घडवले; व. पु. काळे यांच्या कथाकथनाच्या ध्वनिफिती घरोघरी ऐकल्या गेल्या. मात्र तेथे लेखक स्वतःच सांगत असे. श्राव्यपुस्तकात लेखक व श्रोता यांच्या मध्ये तिसरी व्यक्ती उभी राहते. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आले आणि मराठीतही श्राव्यपुस्तकांचे दालन विस्तारले. नारायण धारप यांच्या भयकथाही श्राव्य रूपात आल्या आहेत. असे असूनही आपल्या समीक्षेत अभिवाचकाचा स्वतंत्र विचार क्वचितच होताना दिसतो. दुसरीकडे, जानेवारी २०२३ मध्ये ॲपलने संगणकनिर्मित आवाजातील पुस्तके आणली. अभिवाचन म्हणजे केवळ शब्दोच्चार असे आपण मानत राहिलो, तर यंत्र व कलावंत यांतील फरक सांगण्यासाठी आपल्याकडे परिभाषाच उरणार नाही.

निष्कर्ष

१. श्रवण हे वाचनाचे दुय्यम रूप नव्हे. स्मरण, एकाग्रता व विलंब सोसण्याची तयारी यांची त्यात अधिक कसोटी लागते.

२. तथापि श्रवण आणि वाचन एकच नव्हेत. श्रोत्याच्या हाती येणारी संहिता ही अभिवाचकाने आधीच अर्थ लावलेली संहिता असते.

३. म्हणून श्राव्यपुस्तकाच्या समीक्षेत अभिवाचकाचे नाव, ध्वनिमुद्रणाचे वर्ष व त्याने केलेली स्वरांची निवड यांची नोंद अनिवार्य मानावी. 'घोस्ट स्टोरी' २०११ ची ऐकली की २०१५ ची, यावर अभिप्राय बदलू शकतो.

४. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत श्राव्यपुस्तकांना मुद्रित पुस्तकांच्या बरोबरीने मान्यता असावी.

त्या विद्यार्थ्याला विचारलेला प्रश्न मुळातच चुकीचा होता, असे मात्र लेखिकेला आज वाटत नाही. त्यातील 'नुसती' हा शब्द चुकीचा होता. आज तीच मौखिकी पुन्हा घ्यावयाची झाल्यास प्रश्न असा असेल : 'तू ही कादंबरी कोणाच्या आवाजात ऐकलीस, आणि त्या आवाजावर तू कितपत विश्वास ठेवलास?' थरारकथेच्या कोणत्याही वाचकाला, मग तो डोळ्यांनी वाचणारा असो वा कानांनी, याहून योग्य प्रश्न विचारता येईल असे वाटत नाही.