शेवटी येणारा कर्ता

बालकवींची ‘औदुंबर’ अवघ्या आठ ओळींची. शाळेत ती निसर्गवर्णन म्हणून भेटते, समीक्षेत गूढ प्रतीक म्हणून, आणि दत्तभक्तांच्या घरात वाढलेल्याला ती आणखीच वेगळी दिसते. एवढ्याशा कवितेत हे सगळं मावतं कसं, हे पाहायचं तर कवीचं चरित्र आणि झाडाचं पावित्र्य घटकाभर बाजूला ठेवावं. ओळीला अर्थ देणारा पहिला संदर्भ म्हणजे तिच्या आधीची ओळ, आणि या कवितेत तो विलक्षण काटेकोरपणे रचलेला आहे.

आधी रंग पाहा. झऱ्याच्या दोन्ही काठांना हिरवाई, मग शेतमळ्यांची हिरवाई, मग कुरणाची. तीनदा हिरवा. त्यातून एकदाच पांढरी रेघ जाते, पायवाटेची. म्हणून डोळा तिच्यावर खिळतो आणि तिच्यामागून निघतो. ती पोचते काळ्या डोहाशी. हा काळा रंग अचानक आलेला नाही. पहिल्या जोडओळीतलं पाणीच निळं-सावळं आहे. काळोखाची छटा तिथेच मिसळलेली होती. इतक्या उजळ दृश्यात शेवटच्या रंगाची तयारी दुसऱ्याच ओळीत करून ठेवणं ही फार मुरलेल्या हाताची करामत आहे.

मधल्या चार ओळींच्या यमकाकडे सहसा कोणी थांबत नाही. चारही ओळी एकाच ध्वनीवर संपतात. त्यांतली पहिली नजरेला टेकडीच्या बाजूला नेते आणि चौथी डोहाच्या बाजूला, आणि दोन्ही दिशा सांगणारं शब्दयोगी अव्यय एकच. वर माणसांची वस्ती, खाली खोल पाणी. यमकाने ही दोन टोकं बांधली आणि मधली वाट आडवीतिडवी सोडून दिली. तिच्या वळणांत आपण रेंगाळतो, त्यामुळे उतार जाणवतच नाही. यमकाकडून एवढं काम करून घेतलेलं मी क्वचित पाहिलं आहे.

खरी कमाल मात्र शेवटच्या दोन ओळींत आहे. सहा ओळी झरा, गाव, मळे, वाट अशा एकेका गोष्टीला नाव देत आल्या. सातव्या ओळीत पाणी झाकोळतं, लाटांवर काळसर, पण गोड अशी छाया पसरते. ती पसरवतं कोण? ओळ संपते तरी कर्ता येत नाही. आठवी सुरू होते. कुणीतरी पाण्यात पाय सोडलेत, कुणीतरी बसलंय. अजूनही नाव नाही. ते येतं थेट शेवटचा शब्द म्हणून. मराठी वाक्यात कर्ता शेवटपर्यंत अडवून धरता येतो; बालकवींनी ती मुभा अशी वापरली की झाड दिसण्याआधी त्याची सावली आपल्यावर पडते. लयही याला साथ देते. आठ-आठ मात्रांच्या दोन तुकड्यांतला दुसरा बसण्याच्या क्रियापदावर संपतो, जीभ तिथे क्षणभर विसावते, आणि त्याला लगेच बिलगणारं अंतर्यमक नावापर्यंत घेऊन जातं. मोठ्याने म्हणून पाहा. कान हे डोळ्याआधी टिपतो.

आणि हे पाय! गाव आहे, मळे आहेत, चालून चालून पडलेली वाट आहे, पण साऱ्या कवितेत एकही माणूस नाही. पायवाटेवर पाऊल कुणाचंच नाही. पाय आहेत ते फक्त झाडाला, आणि ते चालत नाहीत, पाण्यात सोडलेले आहेत. झरा वाहतो, वाट चालते, लाटा हलतात; या हलत्या चित्रात बसलेला असा एकटा औदुंबरच. माणसाची जागा रिकामी ठेवायची आणि माणसाची बैठक तेवढी झाडाला द्यायची, यापेक्षा सूक्ष्म चेतनगुणोक्ती मला मराठीत दुसरी आठवत नाही.

आता बाजूला ठेवलेले संदर्भ आत घेऊ. बोलताना आपण ‘उंबर’ म्हणतो. ‘औदुंबर’ म्हटलं की दत्त, गुरुचरित्र, कृष्णाकाठ आणि नरसोबाची वाडी मनात आल्याशिवाय राहत नाहीत. पण कवितेत पादुका नाहीत, पार नाही, प्रदक्षिणा नाही. दत्ताचा संदर्भ केवळ नावाबरोबर येतो आणि त्या बसण्याला ध्यानस्थाची छटा देऊन थांबतो. ज्याला ती छटा नको, त्याच्यासाठी पाण्याकाठचं झाड शिल्लक राहतंच. या मोकळेपणातच कवितेची श्रीमंती आहे.

चरित्राचा संदर्भ अधिक जपून वापरायला हवा. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म 1890 मध्ये धरणगावचा. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, आणि 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. वय अठ्ठावीसही नव्हतं. हे ठाऊक झालं की काळा डोह मृत्यूची चाहूल वाटू लागतो. वाचणाऱ्याला असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, पण तो अर्थ आपण मागाहून त्या डोहात सोडलेला असतो.

त्यांच्याच इतर कविता शेजारी ठेवल्या तर त्या जास्त उजेड देतात. ‘फुलराणी’त निसर्ग माणसांसारखा लाजतो, बोलतो, लग्न लावतो. ‘पारवा’मध्ये खिन्नता पक्ष्याभोवती उघडपणे घुमते. भावना शब्दांत मांडणं ज्याला इतकं सहज साधत होतं, त्याच कवीने औदुंबराला एकही भावना दिलेली नाही. तो दुःखी आहे की तृप्त, विरक्त आहे की नुसता निवांत, हे कुठेच सांगितलेलं नाही. छायेला गोडी दिली आणि काळेपणाही दिला, आणि झाडाला फक्त बसवलं.