चाल एकाची, साज दुसऱ्याचा

‘रीमिक्स’ म्हटलं की आपल्या पिढीच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यात आपला काही दोष नाही. राहुलदेव बर्मन यांनी ‘समाधी’साठी (१९७२) बांधलेल्या आणि लताबाईंनी गायलेल्या एका गाण्याचं २००२ साली जे काही झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. (हो, पाहिलंच, ऐकण्यासारखं त्यात फारसं नव्हतं!) पण वाचकहो, आपल्याच घरांत, मुलांच्या खोल्यांच्या बंद दारांआडून आणखी एका जातीचं रीमिक्स बरीच वर्षं ऐकू येतं आहे: व्हिडिओ गेममधल्या संगीताचं. रसिकांनी हौसेने केलेल्या या कामाला त्या उद्योगानेही मान दिला आहे. तो कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी मूळ संगीताबद्दल. ‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली आणला. त्यातल्या बहुतेक चाली योको शिमोमुरा या तरुण संगीतकर्तीच्या. हा खेळ नाणं टाकून खेळायचा. आजूबाजूला वीस यंत्रांचा कलकलाट, हाताशी मोजकेच कृत्रिम आवाज आणि चाल पुन्हा पुन्हा पहिल्यापासून वाजणार. शिवाय अंतरा येईपर्यंत खेळणारा हरलेला असण्याची शक्यता! अशा ठिकाणी मुखडा पहिल्याच फटक्यात मनात बसला पाहिजे आणि शंभराव्यांदाही कंटाळवाणा होता कामा नये. शिमोमुराबाईंनी हे साधलं. अमेरिकन सैनिक गाईलची चाल त्या पिढीतली मुलं आज चाळिशीतही गुणगुणतात. आपल्याकडचा योगी धालसीम मात्र हत्तींच्या सोबतीने लढतो, हातपाय रबरासारखे लांबवतो आणि त्याची चाल म्हणजे जपानमध्ये बसून कल्पिलेला भारत. तिच्यावर रुसावं की हसावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि एवढं करून त्या काळच्या श्रेयनामावलीत या मंडळींची खरी नावं बहुधा नसतच. टोपणनावं असत. लाखो मुलांना चाल पाठ, पण ती बांधली कोणी हे ठाऊक नाही.

इथे रसिक मंडळी पुढे आली. १९९९ साली अमेरिकेत डेव्हिड लॉइड यांनी ‘ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स’ हा उपक्रम सुरू केला. खेळातली एखादी चाल घ्यायची, तिला नवा साज चढवायचा आणि लोकांना फुकट ऐकवायची. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यांनी परीक्षकांचं मंडळ नेमलं. मूळ चाल ओळखू आली पाहिजे आणि करणाऱ्याची स्वतःची भरही दिसली पाहिजे, या दोन्ही कसोट्यांवर न उतरलेलं काम परत जाऊ लागलं. प्रत्येक रीमिक्ससोबत मूळ खेळाचं आणि मूळ संगीतकाराचं नाव द्यायची पद्धतही पडली.

ही पद्धत मराठी माणसाला परकी वाटायला नको. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ १८८२ सालचं. अशा संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रती उघडल्या, तर पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून कुठली ते स्पष्ट दिलेलं असतं. लावणीची, साकीची, कर्नाटकी, जिथून घेतली तिथली. पुढे ‘स्वयंवर’साठी (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी बंदिशींच्या आधाराने पदं बांधली, आणि रसिकांना पद आवडायचं तसंच मागची बंदिश ओळखण्याची गंमतही वाटायची. उसन्या चालीची लाज नव्हती. लपवाछपवीची असती.

या रसिकांनी २००६ साली ‘स्ट्रीट फायटर’च्या चालींचा ‘ब्लड ऑन द ॲस्फाल्ट’ हा संग्रह काढला. तो कॅपकॉमच्या कानावर गेला. वकिलाची नोटीस यायची, त्याऐवजी निमंत्रण आलं! नोव्हेंबर २००८ मध्ये त्या जुन्या खेळाची ‘एचडी रीमिक्स’ ही नवी आवृत्ती आली, तिचं संगीत याच मंडळींनी केलं. मोठ्या कंपनीने आपल्या खेळाचं संगीत हौशी रसिकांच्या हाती सोपवणं त्या वेळी अपूर्वच होतं.

संगीत म्हणून ते कसं आहे? माझ्या मते घटना मोठी, संगीत मध्यम. शिमोमुराबाईंच्या कामात एक हात जाणवतो. इथे दहा हात, दहा शैली. एका रिंगणात हिप-हॉप, दुसऱ्यात भलतंच काही. काही ठिकाणी ठेक्याच्या भाराखाली मुखडाच दबतो, आणि मुखडा दबला तर या संगीतात उरतं काय?

त्यामानाने न्यूयॉर्कच्या ‘एट-बिट बिग बँड’चं काम फार वरचं आहे. ‘कर्बी सुपर स्टार’ (१९९६) या खेळातल्या संगीतावरून चार्ली रोझेन आणि जेक सिल्व्हरमन यांनी ‘मेटा नाइट्स रिव्हेंज’ बांधलं. मूळ यंत्रात एका वेळी आठच आवाज निघत. त्या आठांत जे नुसतं सुचवलेलं होतं, ते इथे ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या ताफ्याने मोकळेपणी म्हटलं आहे. २०२२ साली त्याला ग्रॅमी मिळालं.

पण हे ग्रॅमी संगीत संयोजनाचं, म्हणून ते संयोजकांना मिळालं. त्या खेळाचे संगीतकार जून इशिकावा आणि डॅन मियाकावा यांना नाही. नियमाप्रमाणे ते बरोबरच. पण २०११ साली गेममधल्या संगीताला पहिलं ग्रॅमी मिळालं, ख्रिस्टोफर टिन यांच्या ‘बाबा येतू’ला, तेही संयोजनाच्याच विभागात. गेमच्या मूळ संगीतासाठी स्वतंत्र विभाग उघडला तो थेट २०२३ साली. म्हणजे दागिना घडवणारा बाहेर उभा, आणि त्याला झिलई देणारा एक वर्ष आधी आत! ती झिलई उत्तम आहे, म्हणून तर हे जास्त खटकतं.

मला सर्वांत समाधान देणारं उदाहरण टी लोपेस यांचं. हा मूळचा पोर्तुगीज तरुण ‘सॉनिक’ या खेळाच्या चालींवर हौसेने रीमिक्स करायचा. सेगा कंपनीने ‘सॉनिक मेनिया’चं (२०१७) संगीत त्याच्याकडेच दिलं. या खेळात जुन्या ठिकाणांचे दोन-दोन भाग आहेत. पहिल्या भागात लोपेस मूळ चाल जवळजवळ तशीच मांडतो. दुसऱ्यात तिची बढत करतो. आधी बंदिश नीट म्हणून दाखवायची, मग मोकळं व्हायचं, हा रिवाज त्याला कोणत्या बुवांनी शिकवला कोण जाणे! नव्या ठिकाणांसाठी त्याने स्वतःच्या चाली बांधल्या, आणि त्या जुन्यांच्या पंगतीत शोभतात.

त्यातलं ‘केमिकल प्लांट’ हे ठिकाण मुलांना विचारलंत तर लगेच सापडेल. मूळ चाल मासातो नाकामुरा यांची, १९९२ सालची. दोन्ही भाग लागोपाठ लावायला सांगा. हेडफोन मात्र काढायला लावा, म्हणजे घरातल्या सगळ्यांनाच ऐकता येईल.