झील कुणाची, गाणे कुणाचे?

'री ओढणे' हा वाक्प्रचार मराठीत कौतुकाने वापरला जात नाही. पोवाड्यात किंवा गोंधळात मुख्य गायकाच्या मागे उभा राहून झील धरणारा त्याचाच सूर पुढे ओढतो. म्हणून दुसऱ्याच्या म्हणण्याला मान डोलावणारा, स्वतःचे काही नसलेला माणूस म्हणजे री ओढणारा. कव्वालीतही नाव कव्वालाचे राहते. टाळी देत मिसरा उचलून धरणारे हमनवा 'आणि साथीदार' या दोन शब्दांत मावतात. मागच्या ओळीत गाणाऱ्याचा गाण्याच्या अर्थाशी संबंध नसतो, असे भाषेने गृहीत धरले आणि समीक्षेने ते तपासले नाही. ते तपासण्यासाठी आम्ही येथे मेरी क्लेटन या अमेरिकन कृष्णवर्णीय गायिकेच्या दोन गाण्यांचा विचार करीत आहोत. 'तिची गाणी' असे म्हणतानाच अडचण येते, कारण ही दोन्ही गाणी तिच्या नावावर नाहीत.

क्लेटनचा जन्म २५ डिसेंबर १९४८ चा, न्यू ऑर्लिन्सचा. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक. त्यामुळे गाण्याचे पहिले शिक्षण चर्चमध्ये, गॉस्पेलमध्ये झाले. किशोरवयातच लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत तिचे ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि पुढे ती रे चार्ल्सच्या मागे गाणाऱ्या 'रेलेट्स' या गायिकांच्या चमूत आली. १९६९ मध्ये तिचे वय अवघे वीस होते, पण अनुभव मोठा होता. हा तपशील ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढची हकिगत सांगताना तो हमखास गाळला जातो.

ती हकिगत अशी. रोलिंग स्टोन्स हा इंग्रज रॉक बँड लॉस एंजेलिसमध्ये 'लेट इट ब्लीड' या अल्बमचे काम पूर्ण करीत होता. 'गिमी शेल्टर' या गाण्यात एक स्त्रीस्वर हवा होता. रात्री उशिरा संगीतकार जॅक निच्चा यांचा फोन गेला आणि क्लेटन केसांना कर्लर लावलेल्या अवस्थेत, डोक्याला रुमाल गुंडाळून स्टुडिओत आली. ती गरोदर होती. काही वेळात काम संपवून ती घरी परतली. त्यानंतर तिचा गर्भपात झाला आणि गाण्यातल्या त्या ताणामुळेच तो झाला, असे पुढे अनेकांनी लिहिले.

रॉक संगीताच्या लेखनात ही हकिगत दंतकथेसारखी सांगितली जाते, आणि येथेच आमचा आक्षेप आहे. अंथरुणातून उठून आलेली बाई, अपघाताने लागलेला सूर, शेवटी शोकांतिका, अशी मांडणी केली की कर्तृत्व नाहीसे होते आणि उरते ते फक्त सोसणे. दलित आणि मुस्लिम लेखनाच्या वाट्यालाही हेच वाचन अनेकदा आले आहे. वेदना मान्य केली जाते, कसब मान्य केले जात नाही.

गाणे ऐकावे. साडेचार मिनिटांचे हे गाणे युद्धाविषयी आहे. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा चालू होते. मिक जॅगरच्या आवाजात भीती आहे, पण ती दुरून पाहणाऱ्याची भीती आहे. मध्यावर क्लेटन एकटी पुढे येते. बलात्कार आणि खून हे दोन शब्द तिच्या वाट्याला आले आहेत. ते ती पुन्हा पुन्हा म्हणते आणि दर वेळी दाब वाढवते. तीन मिनिटांच्या सुमारास तिचा आवाज चिरतो. त्यामागोमाग जॅगरचा दाद देणारा उद्गारही ध्वनिमुद्रणात राहून गेला आहे. ही चिरफाड अपघाती नाही. पहिल्या प्रयत्नानंतर आणखी एकदा गाण्याचे आणि सूर वर नेण्याचे आपण ठरवले होते, असे तिनेच नंतर सांगितले आहे. गॉस्पेलमध्ये आवाज तुटण्याच्या टोकापर्यंत नेणे ही शिकलेली गोष्ट असते. तिचा भाग वगळला तर उरते ते युद्धाविषयीचे एक चांगले गाणे. तिच्यामुळे त्या गाण्यात युद्ध ज्यांच्या अंगावर येते त्यांचा आवाज येतो. याला 'साथ' कसे म्हणावे?

अल्बमच्या वेष्टनावर तिचे नाव मात्र चुकीचे छापले गेले. नाताळच्या दिवशी जन्मली म्हणून आनंदाचा अर्थ असलेले 'मेरी' हे तिचे नाव. छापले गेले ते येशूच्या आईचे 'मेरी'. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात, इंग्रजीत अक्षरे वेगळी आहेत. नाव चुकीचे छापले जाणे म्हणजे काय, हे या वार्षिकाच्या वाचकांना सांगायला नको.

दुसरे गाणे १९७४ चे, 'स्वीट होम अलाबामा'. लिनर्ड स्किनर्ड हा फ्लोरिडातल्या गोऱ्या तरुणांचा बँड. नील यंग या गायकाने दक्षिणेतल्या वंशद्वेषावर गाणी केली होती, त्यांना हे उत्तर होते. गंमत अशी की यंगच्या पहिल्या अल्बममध्येही क्लेटन मागे गायली होती. आता उत्तरादाखलच्या गाण्यात झील धरायला तिला आणि क्लायडी किंगला बोलावण्यात आले. अलाबामा म्हणजे कोणते राज्य? जानेवारी १९६३ मध्ये ज्याच्या गव्हर्नरने, जॉर्ज वॉलेसने, वंशभेद कायम राखण्याची जाहीर घोषणा केली ते. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅममधल्या चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या. तिघी १४ वर्षांच्या, एक ११ वर्षांची. क्लेटन स्वतः तेव्हा १४ वर्षांची होती.

तिने आधी नकार दिला. पती, सॅक्सोफोनवादक कर्टिस एमी यांनी समजावले आणि निषेध म्हणून आपण ते गायलो, असे ती सांगते. निषेध कुठे आहे? गव्हर्नर बर्मिंगहॅमच्या लोकांना प्रिय आहे, अशा आशयाची ओळ येते आणि तिच्यामागोमाग कोरस तीनदा हुर्यो करतो. हे गाणे वॉलेसच्या बाजूचे की विरोधातले, हा वाद पन्नास वर्षे चालू आहे आणि त्या वादात या हुर्योचा दाखला हटकून दिला जातो. म्हणजे गाण्याचा अर्थ मागच्या ओळीकडे जाऊन थांबतो.

अर्थात याची मर्यादा आम्ही लपवत नाही. हा बँड मंचावर गुलामगिरीसाठी लढलेल्या जुन्या दक्षिणेचा झेंडा लावीत असे. गर्दी गाणे गाते तेव्हा हुर्यो किती जणांना ऐकू येते? दुसऱ्याच्या गाण्यात दडवलेला निषेध निषेध उरतो का? हा प्रश्न आमचाही आहे. दलित पँथरने १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, तेव्हापासून मराठी लेखकाला ही माणसे परकी नाहीत. दोन इतिहास एक आहेत, असे आम्ही म्हणत नाही. पण घराच्या गौरवगीतात आमचा आवाज हवा आणि घराविषयीचे आमचे म्हणणे मात्र नको, हा अनुभव ओळखीचा आहे. गायलो नाही तर संशय, गायलो तर आपलेच लोक विचारतात, कशासाठी गायलास? क्लेटनचे उत्तर असे की गावे, आणि जिथे नाही म्हणायचे तिथे सुरातच नाही म्हणावे. हे उत्तर पुरेसे नसेल. पण त्याला री ओढणे म्हणता येणार नाही.

१९७० मध्ये तिने 'गिमी शेल्टर' स्वतःच्या नावावर, त्याच नावाच्या अल्बममध्ये गायले. ते दमदार आहे, पण आमच्या मते मूळ ध्वनिमुद्रणातली भीती त्यात नाही. सबंध गाणे एकाच ताकदीने गायले की मागून पुढे येण्याचा तो क्षण हरवतो. बाजारानेही तिला पुढच्या ओळीत टिकू दिले नाही. 'ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम' या २०१३ च्या माहितीपटाने अशा गायिकांना समोर आणले. मार्च २०१४ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये मोटार अपघातानंतर क्लेटनचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. आपला आवाज शाबूत आहे ना, ही तिची पहिली चौकशी होती, असे तिने सांगितले आहे. २०२१ मध्ये 'ब्यूटिफुल स्कार्स' हा तिचा अल्बम आला. वळण पुन्हा गॉस्पेलचेच.

मागच्या ओळीतल्या माणसांना पुढे आणून बसवणे एवढेच समीक्षेचे काम नाही. ती जिथे उभी आहेत तिथून त्यांनी गाण्याचे काय केले, हे ऐकण्याची सवय समीक्षेने लावली पाहिजे. मराठीतल्या झीलकऱ्यांची नावे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येतील? निदान ती विचारायला तरी सुरुवात करू या.