नंदी बसलेलाच का?

सातारा-सांगलीकडच्या महादेवाच्या देवळांत नंदी सहसा बसलेलाच असतो. ‘तो देवाचा भक्त, म्हणून बसला’ हे उत्तर आपण मुलांना देतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे.

आमच्या मते राहिलेले उत्तर दगडात आहे. इथला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तो दाब भरपूर सोसतो, ताण मात्र फारसा सोसत नाही. बारीक पाय किंवा शेपटी सुटी कोरली, तर मोडते. म्हणून पाय पोटाखाली, शेपटी अंगालगत. प्राचीन इजिप्तच्या कारागिरांनीही उभ्या प्राण्याच्या पायांमधला दगड पुष्कळदा तसाच राखला.

मग कला कुठे? दगडाने मोकळीक दिली तिथे. वाईच्या काशीविश्वेश्वरापुढील नंदीच्या गळ्यातल्या माळा पाहा. गावातल्या हातभर नंदीचे वशिंड, गळ्याखालची पोळी, नाकपुड्या पाहा. कारागिराचा हात तिथेच ओळखू येतो.

पण अनेक गावांत अशा नंदींवर ऑइलपेंटचे थर चढतात आणि छिन्नीचे घाव बुजतात. आपल्या गावचा नंदी अजून कोरा असेल, तर वर्ग तिथे न्या. मुलांना ते घाव बोटांनी चाचपू द्या.